माडांच्या ओळी

मालवणहून तारकर्ली ओलांडली की पुढे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. आजीचे माहेर तिथले. समुद्र किती आत आला हे ती माडांच्या ओळींवर मोजायची. "तुझी आवस जन्माक येवच्या आदी पुढली वळ गेली. मगे बाव खारी झाली." दोन माडांत साधारण पंचवीस फूट सोडतात, म्हणजे तिचा हिशेब मोजणीदाराला मान तुकवायला लावील असाच होता.

तिच्या सांगण्यातला जुना गाव समुद्राला पाठ करून बसलेला. घरे खाडीच्या बाजूला, दर्याकडे मर्यादवेल, केवडा आणि रांपणीचे जाळे ओढायला मोकळी पुळण. पुळणीवर फार तर झापांचा मांगर, तोही पावसाआधी उतरवायचा. पावसाळी लाटा वाळू ओढून नेत आणि पाण्याखाली तिचा बांध घालून ठेवत. समुद्र निवला की तीच वाळू हळूहळू परत येई. दिवाळीपर्यंत पुळण भरली नाही, तर म्हातारी माणसे कुजबुजू लागत.

आता समुद्राकडे तोंड करून खोल्या उभ्या आहेत, कारण पर्यटकाला खिडकीतून लाट दिसायला हवी. लाटेलाही खिडकी दिसते, हे बांधताना कुणी बोलत नाही. मग उधाण आले की मागणी एकच: धूपप्रतिबंधक बंधारा. त्याने घरे वाचतात, हे खरेच. ज्याच्या पडवीत पाणी शिरते त्याला वाळूच्या गतीवर व्याख्यान देऊ नये. पण दगडावर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू उकरते, दगड खचतात, पुळण नाहीशी होते, आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजाऱ्याचे माड आडवे होतात. दगडांवरून रांपण ओढता येत नाही, ते वेगळेच. शिवाय किनाऱ्याला वाळू देणारी नदी. तिच्याच खाडीतून वाळू उपसायची आणि समुद्राला दोष द्यायचा!

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा तपासला. मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे; महाराष्ट्रात साधारण चौथा हिस्सा. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंत बंधने घातली. २०११च्या अधिसूचनेत, समुद्राचा धोका कुठवर पोचतो ते दाखवणारी धोक्याची रेषा आखायची ठरली. भारतीय सर्वेक्षण विभागाने ती आखलीही. पण २०१९ला ती बांधकामाच्या नियमांपासून वेगळी काढून आपत्ती व्यवस्थापनापुरती ठेवली, आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचा ना-विकास पट्टा ५० मीटरांवर आणायची वाट मोकळी केली. आजीच्या मापात ५० मीटर म्हणजे माडांच्या सहा-सात ओळी. तिने एका आयुष्यात किती गेलेल्या पाहिल्या, ते नकाशा करणाऱ्यांनी विचारायला हवे होते.

तिच्या माहेरच्या बागेचा सातबारा अजून निघतो. त्यातली काही गुंठे जमीन भरतीच्या पाण्याखाली आहे. किनाऱ्यावर जागा घेणाऱ्याने म्हणून नुसता उतारा पाहू नये. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला गाठून विचारावे, इथे पुढे माडांच्या किती ओळी होत्या. आणि ग्रामसभेने पुढच्या बंधाऱ्याचा ठराव घेण्याआधी तेच उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.