संगणकाद्वारे सांकेतिक भाषेचे शिक्षण

हात, चेहरा आणि शरीराभोवतीचा अवकाश यांच्या आधारे व्यक्त होणारी सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे. तिचे शिक्षण मात्र प्रदीर्घ काळ प्रत्यक्ष सहवासावरच अवलंबून राहिले, कारण छापील कोशात स्थिर चित्र आणि बाण यांपलीकडे फारसे काही दाखवता येत नसे. 'देणे' हे क्रियापद घ्या. 'मी तुला देतो' आणि 'तू मला देतोस' यांत खूण तीच राहते, बदलते ती हाताच्या हालचालीची दिशा. संगणकाने पहिली मोठी सोय केली ती इथेच. अशी खूण हवी तितक्या वेळा आणि हवी तितकी सावकाश पाहता येऊ लागली.

भारतात हे काम प्रामुख्याने दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने केले. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राच्या चित्रफीत-कोशाची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये ३,००० शब्दांची होती. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती संख्या १०,००० वर गेली. पाठोपाठ २०२२ मध्ये 'साइन लर्न' हे मोबाइल ॲप आले.

बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. म्हणजे मुलाची भाषा आधी आईलाच शिकावी लागते, आणि जवळपास शिक्षक नसेल तर असा कोश तिला मोठाच आधार ठरतो. अर्थात तो पुरेसा नाही. कोशातल्या खुणा मराठीच्या शब्दक्रमाने एकापुढे एक मांडल्या, तर त्यांचे वाक्य होत नाही. भारतीय सांकेतिक भाषेत 'कोण', 'कुठे' यांसारखी प्रश्नखूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर अपेक्षित असेल तर प्रश्न उंचावलेल्या भुवयांनी विचारला जातो.

शिकणाऱ्याची खूण चुकली, हे संगणक सांगू शकतो का? कॅमेऱ्यातून हाताचे सांधे टिपणारी साधने आज सहज उपलब्ध आहेत. मात्र अमेरिकन सांकेतिक भाषेची अक्षरे एका हाताने, तर आपल्याकडची इंग्रजी अक्षरे ब्रिटिश वळणाने दोन्ही हातांनी दाखवतात. एक हात दुसऱ्याला झाकतो आणि यंत्र गोंधळते. तिकडची साधने इकडे जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत, ती यामुळेच. हॅम्बुर्ग विद्यापीठात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या 'हॅमनोसिस' या चिन्हलिपीच्या आधारे संगणकीय बाहुलीकडून खुणा करवून घेण्याचे प्रयोगही झाले. अशा बाहुलीचे हात बरे चालतात. चेहरा पुष्कळदा कोराच राहतो, आणि भुवया तर व्याकरणाचा भाग!

केंद्राच्या कोशात देशाच्या निरनिराळ्या भागांतील प्रादेशिक खुणाही समाविष्ट आहेत. त्यांपैकी आपल्या गावात कोणती चालते, हे तेथील कर्णबधिरांनाच विचारावे लागते.