राखेखालची वीतभर मूर्ती

थंडीच्या सुट्टीत इटलीला जायचं ठरलं, तेव्हा धायरीतल्या आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न आला तो जेवणाचा. दुसरा, ‘एवढ्या लांब जाऊन पडकी घरंच बघायची का?’ पडकी घरं हे खरंच. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली पाँपेई नगरी म्हणजे दुसरं काय? दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या, पाव भाजणाऱ्यांची मोठाली जाती, खाणावळींच्या ओट्यांत बसवलेले रांजण. डिसेंबरात गर्दी कमी आणि ऊन कोवळं, त्यामुळे पायपीट जाणवली नाही.

मुक्काम नेपल्सला होता. नाताळचे दिवस. तिथे सान ग्रेगोरियो आर्मेनो नावाच्या गल्लीत मातीच्या चित्रांची दुकानं आहेत. येशूच्या जन्माचा देखावा तिकडे घरोघरी मांडतात. पण बाळाभोवती सगळा गावच असतो. पाववाला, मासळीवाला, मेंढपाळ, सगळे! मला आपल्याकडचे दिवाळीचे किल्ले आठवले. वर सिंहासनावर महाराज आणि खाली गवळण, विहीर, अळीव पेरलेली शेतं.

पण श्रोतेहो, आज सांगायचं आहे ते तिथल्या पुराणवस्तुसंग्रहालयात पाहिलेल्या एका मूर्तीबद्दल. पाँपेईतल्या एका घरात 1938 साली आमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात ती मिळाली. हस्तिदंताची, उंचीला जेमतेम वीतभर. कमरेला मेखला, हात भरून बांगड्या, पायांत वाळे, पाठीवर लांब वेणी आणि दोन्ही अंगांना छोट्या दासी. वस्त्र मात्र नाही. म्हणून तिची जागा ‘गुप्त कक्षा’त, रोमन लोकांच्या शृंगारिक चित्रांच्या शेजारी! हे काही मला पटलं नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी असलेली जोडपी आपण मुलाबाळांसह पाहतोच की.

तिला आधी लक्ष्मी म्हटलं गेलं. आता पुष्कळ अभ्यासक यक्षी म्हणतात. डोक्यावर भोक आहे, तेव्हा ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या लहान तिवईचा पाय. म्हणजे देव्हाऱ्यातली देवी नव्हे, श्रीमंताघरची नित्य वापरातली वस्तू.

ती आली कुठून? तिच्यावर एक खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, म्हणून काही जण वायव्य भारताकडे बोट दाखवतात. पण तिच्या जवळच्या नात्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही 1973 च्या उत्खननात तशाच मूर्तीचा तुकडा हाती आला. अक्षर वाटेत कुणा व्यापाऱ्यानेही कोरलं असेल. माझा कौल मराठवाड्याला, आणि तो निव्वळ अभिमानापोटी नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दोन्ही बाजारपेठा आहेत. तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. पैठणचे अकीक आणि तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंतही आहे. पुढे जहाजाने तांबडा समुद्र, मग उंटावरून नाईल, अलेक्झांड्रिया आणि तिथून इटली.

या व्यापारावर जळणारेही होते. थोरल्या प्लिनीने तक्रार केली आहे, की हिंदुस्थान आपल्या साम्राज्यातून दरसाल 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हा प्लिनी रोमन आरमाराचा अधिकारी. व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला आणि किनाऱ्यावरच मरण पावला. त्याच राखेखाली, थोड्या अंतरावर, हिंदुस्थानी मालाचा हा वीतभर नमुना जवळजवळ 1860 वर्षं पडून राहिला. तो घडवणाऱ्या कारागिराचं नाव कुठेच नाही.

काचेसमोर उभा असताना मला एका गोष्टीची लाज वाटली. पाँपेई पाहायला मी समुद्र ओलांडून गेलो. तेर मात्र मला फक्त गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक. पुण्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं, तरी गेलेलो नाही. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर आहे.

येत्या माघात जायचं ठरवलं आहे. सोसायटीतले दोघे-तिघे बरोबर येतो म्हणाले. जेवणाचं या खेपेला कुणी विचारलं नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेणार आहोत.