पॅच आला होता. लावायचं राहून गेलं.

मंडळी, २७ जून २०१७. न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. संप नव्हता, वादळ नव्हतं. कॉम्प्युटर बंद पडले होते.

गोष्ट सुरू होते साडेतीन महिने आधी. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. विंडोजमधला फाइल शेअरिंगचा एक जुना भाग याच गाभ्यात चालायचा आणि त्यात भोक होतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला ते माहीत होतं, पण तिने ते स्वतःच्या वापरासाठी लपवून ठेवलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच दिला. बरोबर महिन्याने, १४ एप्रिलला, 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने एनएसएचं ते हत्यार इंटरनेटवर उघडं टाकलं.

१२ मे ला वॉनाक्राय आला. पॅच येऊन ५९ दिवस झाले होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला. अंदाजे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्या. नंतर सरकारी लेखापरीक्षणात निघालं की लागण झालेल्या प्रत्येक संस्थेत विंडोज एकतर पॅचविना होतं, नाहीतर कंपनीने सपोर्ट बंद केलेलं.

एवढा गाजावाजा झाला, तरी भोकं उरलीच. १०५ व्या दिवशी नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि पुढे याच भोकातून आणि चोरलेल्या पासवर्डांवर पसरला. म्हणजे ऑफिसात पॅच नसलेलं एक मशीन असलं, तरी ते पॅच लावलेल्या शेजाऱ्यांना घेऊन बुडू शकत होतं. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर. न्हावा शेवाचं टर्मिनल याच साखळीतलं.

आता आयटीवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण पॅच लावायचा तर आधी तपासावा लागतो, मशीन रीस्टार्ट करावं लागतं, काम थांबवावं लागतं. ती परवानगी साहेब देतात, आयटीवाला नाही.

म्हणून आपल्या नगरपालिकेत, रुग्णालयात, पतसंस्थेच्या सभेत दोनच प्रश्न विचारा. शेवटचा पॅच कधी लावला? आणि त्यासाठी काम थांबवायला वेळ कोणी दिला?

पहिल्याचं उत्तर आयटीवाला देईल. दुसऱ्याचं साहेबांनीच द्यायचंय.