नागोर्नो-काराबाख

दक्षिण कॉकेशसमधील डोंगराळ प्रदेश. आर्मेनियन नाव आर्त्साख. सोव्हिएट काळातील क्षेत्रफळ सु. ४,४०० चौ. किमी. मुख्य शहर स्तेपानाकेर्त (अझरबैजानी नाव खानकेंदी). आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार हा अझरबैजानचा भाग आहे. २०२३ पर्यंत येथील बहुतेक रहिवासी मात्र आर्मेनियन होते.

लघु कॉकेशसच्या पूर्व उतारावरील या मुलखात तुतीच्या बागा, द्राक्षमळे व उन्हाळी कुरणे आहेत. डोंगरातील शेतकरी प्रामुख्याने ख्रिस्ती आर्मेनियन, तर सखल भागातून उन्हाळ्यात कळप घेऊन वर येणारे पशुपालक तुर्की भाषक मुस्लिम. तेराव्या शतकातील गांझासार मठ आर्मेनियनांना पूज्य, तर शुशा हे शहर अझरबैजानी संगीताचे माहेरघर. शुशामध्ये दोन्ही समाज पिढ्यानपिढ्या राहत होते.

आर्मेनियन मेलिकांच्या (स्थानिक सरदारांच्या) पाच जहागिरी येथे होत्या. अठराव्या शतकाच्या मध्यास पनाह अली खानाने काराबाखची खानशाही स्थापली. १८१३ च्या गुलिस्तान तहाने इराणने हा प्रदेश रशियाला दिला. १९०५ मध्ये, आणि झारशाही कोसळल्यावर १९१८–२० मध्ये, येथे रक्तरंजित दंगली झाल्या. मार्च १९२० मध्ये शुशाचा आर्मेनियन भाग जाळण्यात आला. जुलै १९२१ मध्ये बोल्शेव्हिक पक्षाच्या कॉकेशस शाखेने काराबाख आर्मेनियाला जोडण्याचे ठरवले व दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरवून तो अझरबैजानात ठेवला. १९२३ मध्ये त्याला स्वायत्त प्रांताचा दर्जा मिळाला. १९८९ च्या जनगणनेनुसार सु. १,८९,००० लोकसंख्येत ७७% आर्मेनियन होते.

२० फेब्रुवारी १९८८ रोजी प्रांतिक सोव्हिएटने आर्मेनियात विलीन होण्याची मागणी केली. काही दिवसांतच अझरबैजानमधील सुमगाईत येथे आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या. दोन्ही प्रजासत्ताकांतून अल्पसंख्याकांना परागंदा व्हावे लागले. सोव्हिएट संघ फुटताच उघड युद्ध पेटले. फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजाली येथे पळून जाणारे शेकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले. आर्मेनियन फौजांनी काराबाखसह भोवतालचे सात जिल्हेही पूर्णतः वा अंशतः व्यापले. सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये माघारीचे चार ठराव केले. ते कागदावरच राहिले. मे १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाला, तेव्हा सु. ३०,००० माणसे दगावली होती आणि सु. दहा लाख बेघर झाली होती. विस्थापितांत बहुसंख्य अझरबैजानी होते. अग्दाम शहराचे तर पुढे अवशेषच उरले.

फ्रान्स, रशिया व अमेरिका यांच्या सहअध्यक्षतेखालील मिन्स्क या मध्यस्थ गटाच्या वाटाघाटी पुढे फळल्या नाहीत. तेलाच्या पैशावर सैन्य उभारलेल्या अझरबैजानने २०२० मध्ये, तुर्कस्तानच्या पाठबळावर व ड्रोनच्या प्रभावी वापराने, ४४ दिवसांच्या युद्धात शुशासह मोठा भूभाग जिंकला. रशियाच्या मध्यस्थीने लढाई थांबली व रशियन शांतिसैनिक आले. डिसेंबर २०२२ पासून आर्मेनियाशी जोडणारा एकमेव रस्ता, लाचिन मार्ग, अडवण्यात आला. अन्न, औषधे व इंधन यांची तीव्र टंचाई झाली. १९ सप्टेंबर २०२३ रोजी अझरबैजानने हल्ला केला. २४ तासांत काराबाखच्या नेत्यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर लवकरच एक लाखांहून अधिक लोक, म्हणजे जवळजवळ सर्व आर्मेनियन, देशोधडीला लागले. १ जानेवारी २०२४ रोजी कोणत्याही संयुक्त राष्ट्रसदस्याने मान्य न केलेले त्यांचे काराबाखमधील स्वयंघोषित प्रजासत्ताक संपले. ऑगस्ट २०२५ मध्ये आर्मेनिया व अझरबैजान यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी वॉशिंग्टन येथे शांतता कराराच्या मसुद्यावर प्राथमिक स्वाक्षऱ्या केल्या.

या संघर्षात जो पक्ष जिंकला, त्याने दुसऱ्याची वस्ती उठवली. १९९० च्या दशकात अझरबैजानींची, २०२३ मध्ये आर्मेनियनांची. पराभूतांच्या मशिदी, चर्च व दफनभूमींचीही हानी झाली. सीमा निश्चित झाल्याने राज्यांमधील वाद मिटू शकतो. माणसांवरील अन्याय त्याने मिटत नाही. दोन्ही समाजांतील विस्थापितांना सुरक्षितपणे घरी परतण्याचा हक्क आणि पूर्वजांच्या वास्तूंना संरक्षण मिळाले, तरच येथील शांतता न्याय्य ठरेल.