पोकिप्सीचा दगड

परमुलखात गेलेला माणूस काय पाहतो? आपला माणूस पंढरपूरला गेला तर आधी चंद्रभागा, मग विठोबा आणि उरल्या वेळात बाजार. अमेरिकेला गेलेला पाहुणा उंच इमारती पाहतो, नायगाराचा धबधबा पाहतो, फोटो काढतो आणि परत येतो. त्यात वावगे काही नाही. परंतु मी २०१८ सालच्या ऑक्टोबरात तिकडे गेलो, तेव्हा न्यू जर्सीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याला म्हणालो, "मला पोकिप्सीला ने." तिकीट त्याने काढलेले, रजाही त्यानेच घेतलेली. तो गोंधळून म्हणाला, "मामा, तिथं काय आहे?" मी म्हणालो, "तिथं आपली एक मुलगी आहे."

त्या मुलीकडे येण्यापूर्वी गावाची ओळख करून देतो. ऊसतोड मजुरांत काम करताना मला एक सवय जडली आहे. नव्या गावात शिरलो की तीन गोष्टी विचारायच्या : येथे कोण राबतो, त्याच्या राबण्यावर कोण मोठा होतो, आणि राबणारा मेला तर त्याचे नाव कोण ठेवतो. तीच सवय घेऊन मी गेलो.

पोकिप्सी हे न्यूयॉर्कच्या उत्तरेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, हडसन नदीच्या काठी वसलेले शहर. वस्ती तीस-बत्तीस हजारांची; आपल्या हिशेबाने बरासा तालुका. न्यूयॉर्कहून निघालेली आगगाडी जवळजवळ सारा वेळ नदीच्या कडेने धावते आणि दोन तासांनी तेथे येऊन थांबते. ते त्या मार्गाचे शेवटचे स्थानक. 'पोकिप्सी' हे नाव तेथल्या मूळ आदिवासींच्या भाषेतले. लव्हाळ्याने शाकारलेल्या झोपडीजवळची पाण्याची लहानशी जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. आदिवासी हुसकले गेले, नाव मात्र राहिले. अमेरिकेची राज्यघटना न्यूयॉर्क राज्याने मान्य केली ती १७८८ साली याच गावातील सभेत.

या गावात मॅथ्यू व्हॅसर नावाचा बिअर बनविणारा एक कारखानदार होता. त्याने आपली संपत्ती मुलींच्या कॉलेजासाठी दिली. १८६१ साली कॉलेजाची स्थापना झाली आणि १८६५ साली ३५३ विद्यार्थिनींनिशी ते उघडले. हे साल ध्यानात ठेवा. त्याच १८६५ साली आपल्याकडे यमुना जोशी नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई जोशी झाली.

गावात शिरताच डोक्यावर एक प्रचंड लोखंडी पूल दिसतो. लांबी दोन किलोमीटरांहून थोडी अधिक, पाण्यापासूनची उंची साठ मीटरांच्या वर. पेनसिल्व्हानियाचा कोळसा न्यू इंग्लंडमधील गिरण्यांना थेट मिळावा म्हणून हा आगगाडीचा पूल बांधला. मध्यंतरी रखडलेले काम १८८६ साली पुन्हा सुरू झाले आणि १८८८ अखेर पुरे झाले. १९७४ साली पुलाला आग लागली आणि गाड्या बंद पडल्या. पस्तीस वर्षे तो सांगाडा तसाच उभा होता. २००९ साली तो पायी फिरणाऱ्यांसाठी खुला झाला, आणि आज पाहुणे तेवढ्यासाठी गावात येतात. मीही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. खाली नदी, दोन्ही तीरांवर तांबडीपिवळी झालेली झाडे. दृश्य सुंदर आहे, यात शंका नाही. पण माझी नजर लोखंडातल्या रिव्हेटांवर जात होती. त्यातला एकेक कोणीतरी हाताने ठोकलेला. पूल बांधणाऱ्या कंपनीचा इतिहास मिळतो. ठोकणाऱ्यांची नावे कोण सांगणार?

दुसरा प्रश्न राहिला, राबणुकीचा. १९४१ सालापासून या परिसरात आयबीएम कंपनीचा कारखाना आहे. १९६४ साली जाहीर झालेल्या आणि जगभर गाजलेल्या 'सिस्टिम ३६०' या संगणकांचे बरेचसे काम येथलेच. ही कंपनी माणसाला कामावरून काढीत नाही, अशी तिची ख्याती होती, आणि त्या भरवशावर तेथे युनियन कधी रुजली नाही. १९९३ साली तो भरवसा मोडला. हडसन खोऱ्यातील हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आजही मोठी संगणकयंत्रे तेथे तयार होतात, पण पूर्वीइतक्या हातांची गरज उरलेली नाही. त्याआधीच, १९६० नंतर, शहर सुधारण्याच्या नावाखाली जुनी वस्ती पाडली गेली होती आणि पुढे मधोमध रुंद एकेरी रस्ते निघाले. मुख्य रस्त्यावर मी हिंडलो तेव्हा बंद दुकाने पाहिली. मालकाच्या चांगुलपणावर विसंबलेल्या गावाचे काय होते, हे समजण्यासाठी मला इंग्रजी येण्याची गरज पडली नाही.

आता त्या मुलीकडे येतो. आनंदीबाईची गोष्ट मला प्रथम कळली ती श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीतून. सातवीत शाळा सुटली, पण वाचनालय सुटले नाही, म्हणून हे साधले. तिचे पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून. बायकोला अमेरिकेत शिकविण्याच्या इच्छेने त्यांनी १८७८ साली एका मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते पत्र, आधी धर्म बदला अशा अर्थाच्या उत्तरासह, तिकडच्या एका मासिकात छापून आले. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीने दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचले आणि या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. श्रोतेहो, कोणत्याही संस्थेने नव्हे, सरकारने नव्हे, एका घर सांभाळणाऱ्या बाईने हा हात पुढे केला. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागली.

१८८३ साली अठरा वर्षांची आनंदीबाई नवऱ्याविना बोटीने निघाली. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भाषण केले : हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ मे रोजी, आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेतील कामगारांनी संप पुकारला आणि ४ मे रोजी शिकागोत रक्त सांडले. इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुटीची मागणी करीत होते. ही सारी एकाच काळची माणसे, पण आपण त्यांच्या गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो.

क्षयाने पोखरलेली आनंदीबाई परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक तशीच राहिली. गोपाळरावांनी तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि त्यांनी ती पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली.

ती दफनभूमी नदीच्या बाजूला, आयबीएमच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कॉलेज काढणारा व्हॅसरही तेथेच आहे. भाच्याने कचेरीतून नकाशा आणला. आम्ही पाने तुडवीत शोधीत गेलो आणि सापडला तो एक साधा दगड. त्यावर तिचे नाव, डॉक्टरची पदवी, जन्ममृत्यूची साले, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ. जात तेथेही दगडावर गेली, हे मला खटकले. ते लपवीत नाही. पण माझे पाय खिळले ते दुसऱ्याच कारणाने. त्या दगडावर बाईचे स्वतःचे नाव होते. अमक्याची पत्नी, असे नव्हते.

आणि तेथे मला माझी चूक आठवली. आपल्या वाशी भागातून दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावे, अंगठा नवऱ्याचा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे. पहाटे थंडीत मोळ्या बांधते ती बाई मात्र वहीत नसते. काही वर्षांपूर्वी उसाने भरलेली ट्रॉली उलटून एक जोडपे गेले. मदतीचा अर्ज मी स्वतः लिहिला. नवऱ्याचे पूर्ण नाव लिहिले आणि पुढे 'व पत्नी' एवढेच. तिचे नाव मी विचारलेही नाही. बायामाणसांच्या हक्कांवर भाषणे करणारा मी! अर्ज त्रुटी काढून परत आला, तेव्हा तिच्या आईकडे जाऊन नाव विचारावे लागले. ती म्हातारी म्हणाली, "दादा, आत्ता विचारताय व्हय?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पोकिप्सी हे पुण्यक्षेत्र नाही. तेथेही आदिवासींना हुसकले, वस्त्या पाडल्या, कामगारांना घरी बसविले. परंतु समुद्रापलीकडून आलेल्या एका परक्या मुलीचे नाव तेथल्या एका बाईने दगडावर कोरले, आणि सव्वाशे वर्षांनंतर ऊसतोड्याच्या मुलाला ते वाचता आले. आपल्या गावात आपलीच माणसे काय नावाने राबली, हे उद्या कोणाला वाचता येईल?

म्हणून परत आल्यावर मी एक वही घातली आहे. फडात, ट्रॉलीखाली, तेरखेड्याकडच्या फटाक्यांच्या दारूकामात जी माणसे गेली, त्यांची नावे तीत लिहितो : बाईचे नाव आधी, मग गाव, मग साल. वही अजून बरीच कोरी आहे. आज ती मी बरोबर आणली आहे. व्याख्यान संपल्यावर येथे दाराशीच बसणार आहे. ज्यांच्या घरचे, शेजारचे कोणी गेले असेल त्यांनी थोडे थांबावे, आणि नाव सांगून मगच घरी जावे.