समासातील शेरा

विद्यार्थ्याने लिहिलेली कथा शिक्षकाने तपासावयाची, म्हणजे नेमके काय तपासावयाचे? भाषा निर्दोष असूनही कथा निर्जीव असू शकते. उलट, वाक्यावाक्याला अडखळणाऱ्या लेखनातही एखाद्या माणसाचे अंतरंग अवचित उजळून जाते. या प्रश्नाची तात्त्विक चर्चा पुष्कळ झाली आहे. तिला प्रत्यक्ष पुराव्याचा आधार मात्र क्वचितच मिळतो, कारण तपासलेल्या वह्या वर्ष सरताच रद्दीत जातात आणि त्यांच्या समासातील शेरेही त्यांच्याबरोबर नाहीसे होतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ व त्याच्याशी संलग्न असलेले रॅडक्लिफ महाविद्यालय येथील १८९४-९५ या वर्षाचे असे काही कागद सुदैवाने टिकून राहिले आहेत. पुढे कादंबरीकार म्हणून मान्यता पावलेल्या दोन व्यक्तींचे ते विद्यार्थिदशेतील लेखन असल्यामुळे त्यांचे मोल विशेष आहे.

या कागदांकडे वळण्यापूर्वी त्यांची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. हार्वर्डमध्ये लेखनाच्या अध्यापनाला चालना मिळाली ती कथेच्या आवडीतून नव्हे, अशुद्ध इंग्रजीच्या धास्तीतून. १८७३-७४ पासून प्रवेशेच्छू विद्यार्थ्याला एखाद्या मान्यवर ग्रंथावर आधारलेला छोटा निबंध लिहावा लागे. १८८५ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेखनाचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. १८९२ मध्ये विद्यापीठाच्या एका समितीने विद्यार्थ्यांच्या लेखनावर कडक ताशेरे ओढले आणि त्याचे खापर माध्यमिक शाळांवर फोडले. याच काळात बॅरेट वेंडेल या अध्यापकाने रोज एक छोटा लेख लिहून घेण्याची प्रथा रूढ केली. डोळ्यांसमोर घडलेले, स्वतः पाहिलेले काही तरी एका पानात लिहावयाचे, एवढीच अपेक्षा. या लेखांना तेथे 'थीम' म्हणत. शुद्धलेखनासाठी निघालेल्या या वाटेवरून निरीक्षण वर्गात आले आणि निरीक्षणाच्या मागोमाग कथाही आली.

फ्रँक नॉरिस १८९४ मध्ये हार्वर्डला आला तो कॅलिफोर्निया विद्यापीठात चार वर्षे काढून, परंतु पदवी न घेता. ल्यूइस गेट्स यांच्या 'इंग्लिश २२' या वर्गात त्याने जे लेख सादर केले, त्यांतच 'मॅक्टीग' या कादंबरीची बीजे आहेत. १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका नवऱ्याने आपल्या कष्टकरी बायकोचा खून केला होता. त्या घटनेतून उगवलेले हे कथानक त्या काळच्या सभ्य अभिरुचीला मानवणारे नव्हते. 'व्हँडोव्हर अँड द ब्रूट' या दुसऱ्या कादंबरीचेही पुष्कळसे लेखन त्याच वर्षातले. त्याचे हे लेख जेम्स हार्ट यांनी १९७० मध्ये संपादून प्रसिद्ध केले. गेट्स यांच्या हाताखाली लेख तपासणाऱ्या साहाय्यकाला नॉरिसचे सामर्थ्य जाणवत होते, पण विषयाची घृणाही लपवता येत नव्हती. शैलीवरचा शेरा आणि विषयावरचा शेरा ही दोन वेगळी परीक्षणे आहेत, आणि त्यांतले दुसरे साहित्याचे नसून परीक्षकाच्या संस्कारांचे आहे, याची जाणीव तेथे पुरेशी दिसत नाही.

तरीही नॉरिसने या वर्गाविषयी कडवटपणा धरला नाही. १८९६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातील इंग्रजीच्या अध्यापनावर सडकून टीका केली. तेथे साहित्याचे केवळ वर्गीकरण शिकवतात, लिहावयास लावत नाहीत, असा तिचा रोख होता. तुलनेसाठी त्याने हार्वर्डच्या पद्धतीची प्रशंसा केली. १८९९ मध्ये 'मॅक्टीग' प्रसिद्ध झाली ती गेट्स यांना अर्पण होऊन. त्याला वर्गात जे मिळाले ते गुणपत्रकात मावणारे नव्हते. लिहिलेले प्रत्येक पान कोणी तरी लक्षपूर्वक वाचणार आहे, ही खात्री त्याला मिळाली होती.

त्याच वर्षी, त्याच अभ्यासक्रमाच्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या वर्गात गर्ट्रूड स्टाइन लिहीत होती. रॅडक्लिफला महाविद्यालय म्हणून सनद मिळाली ती १८९४ मध्येच. हार्वर्डचे अध्यापक तेथे येऊन स्त्रियांना स्वतंत्रपणे शिकवीत. स्टाइनचा मुख्य अभ्यास मानसशास्त्राचा होता. तिचे लेख तपासले विल्यम व्हॉन मूडी यांनी. मूडी स्वतः कवी होते. १९४९ मध्ये प्रकाशित झालेल्या या लेखांवर त्यांचे शेरे वाचावयास मिळतात. भावनेची तीव्रता आणि अमूर्त विचाराची शक्ती त्यांनी अचूक ओळखली. रचनेतील शैथिल्य, वाक्यबंधातील घोटाळे आणि विरामचिन्हांची हेळसांड यांवर त्यांनी तितकेच स्पष्ट बोट ठेवले. त्यांचे निदान चुकीचे होते असे कोणालाच म्हणता येणार नाही. परंतु १९०९ च्या 'थ्री लाइव्ह्ज'मध्ये आणि १९२५ च्या 'द मेकिंग ऑफ अमेरिकन्स'मध्ये रूढ वाक्यरचनेची मोडतोड हीच तिची पद्धती झाली. वीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा दोष आणि प्रौढ लेखिकेचा प्रयोग यांच्यामधले अंतर जाणिवेचे आहे, आणि ती जाणीव कोठून व केव्हा येणार हे समासात लिहिणाऱ्याला दिसणे शक्य नव्हते.

हार्वर्डमध्ये कथा लेखनाभ्यासाच्या आडून आली. आयोवा विद्यापीठात ती उघडपणे पदवीचा विषय झाली. तेथे सर्जनशील लेखन उच्च पदवीच्या प्रबंधाऐवजी स्वीकारण्याचे १९२२ मध्ये ठरले. १९३६ मध्ये विल्बर श्राम यांच्या नेतृत्वाखाली लेखनशाळा सुरू झाली आणि १९४१ पासून पॉल एंगल यांनी ती नावारूपास आणली. शिक्षकाच्या शेऱ्याच्या जोडीला सहाध्यायांची चर्चा आली. १९४७ मध्ये फ्लॅनरी ओ'कॉनर हिने सहा कथांचा प्रबंध सादर करून पदवी मिळवली. त्यातील 'द जिरेनियम' ही कथा प्रबंधापूर्वीच छापूनही आली होती. विद्यापीठाच्या आणि संपादकाच्या दृष्टीने ती पूर्ण झाली होती. लेखिकेच्या दृष्टीने झाली नव्हती. घरापासून दूर, न्यूयॉर्कमध्ये मुलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्याचा तोच विषय तिने पुन्हा हाती घेतला आणि १९६४ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्याची 'जजमेंट डे' ही कथा सिद्ध केली.

मराठीत या प्रश्नाला वेगळे वळण लागले. शाळेत 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. त्यात मुद्दे परीक्षकाचे, शीर्षक आणि तात्पर्यही बहुधा ठरलेलेच. कथेला तंत्र असते आणि ते समजावून सांगता येते, हा विचार ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन'मध्ये मांडला. ते स्वतः महाविद्यालयीन प्राध्यापक असले तरी तो मांडला गेला वर्गाबाहेर. नव्या लेखकाच्या कथेचे खरे परीक्षण मासिकांत झाले. १९३३ ते १९८२ या काळात चाललेल्या 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक हस्तलिखितावर सविस्तर पत्रे लिहीत, कथा पुन्हा लिहावयास सांगत. अर्थात अभिरुचीचा आग्रह तेथेही होताच आणि त्यावर वादही झाले. पण संपादकाला थांबता येत होते. कथा परत करून वर्षभराने ती पुन्हा वाचण्याची मुभा त्याला होती. वर्गातील शिक्षकाला ही मुभा नसते. सत्र संपते, गुणपत्रक भरावे लागते.

शिक्षकाची खरी अडचण येथे आहे. शेरा समोरच्या पानाविषयी असतो. गुणांचा आकडा मात्र त्या पानावरून लेखकाविषयी बोलू लागतो. मूडी यांचा शेरा आजही पटतो तो पानापुरता राहिल्यामुळे, आणि नॉरिसच्या परीक्षकाचा आज खटकतो तो लेखकाच्या अनुभवविश्वात शिरल्यामुळे. विषय कोणता निवडावा आणि कोणाच्या दुःखाविषयी लिहावे, हे वर्गाच्या अधिकारात येत नाही. एखादे वाक्य का अडले, एखादे पात्र कोठे खोटे वाटले, पहिल्या खर्ड्यातून दुसऱ्या खर्ड्यात काय सुधारले आणि काय हरवले, हे मात्र दाखवून देता येते. आणि जे दाखवून देता येते तेवढ्यालाच गुण देणे न्याय्य होय. भारतीय विद्यापीठांतून जेथे जेथे कथालेखन परीक्षेचा विषय होत आहे, तेथे गुणपत्रकाआधी विद्यार्थ्याचे दोन खर्डे शेजारी ठेवून वाचण्याची सोय झाली, तर समासातील शेऱ्याला पुन्हा अर्थ येईल.