शिफारशीपासून छंदांच्या यादीपर्यंत

नागरवाडा, रावपुरा, दांडिया बाजार अशा जुन्या वस्त्यांच्या वडोदऱ्यात परदेशी शिक्षणाची वाट बराच काळ दरबारातून जात असे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीसाठी छंदांची यादी लागत नव्हती; लागत असे ते ओळखीच्या माणसाचे शब्द आणि महाराजांपुढची मुलाखत.

भीमराव आंबेडकरांची गोष्ट यात सर्वांत स्पष्ट दिसते. शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि महाविद्यालयीन शिक्षणाला दरमहा 25 रुपये मिळू लागले. 1913 मध्ये परदेशी पाठवण्याचा प्रश्न आला, तेव्हा महाराजांनी विचारले ते मुख्यतः कोणता विषय शिकणार आणि कशासाठी, असे चरित्रांतून दिसते. 4 जून 1913 रोजी करार झाला: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. राज्याला माणूस हवा होता, त्यामुळे त्याच्या उपयोगाचीच चौकशी होणे साहजिक होते.

छंद आणि नेतृत्व विचारणारा अर्ज अमेरिकेतला, आणि त्याचा उगम फारसा निर्मळ नाही. आंबेडकर शिकले त्याच कोलंबिया विद्यापीठात 1919 च्या सुमारास पदवीपूर्व प्रवेशासाठी लांबलचक अर्ज आला. त्यात धर्म, कुटुंबाची माहिती, छायाचित्र, शाळेबाहेरचे उद्योग असे सारे विचारले जाई. केवळ परीक्षेच्या गुणांवर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने येत होते. त्यांना रोखण्यास ‘व्यक्तिमत्त्व’ हा निकष सोयीचा ठरला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टननेही विसाच्या दशकात तोच मार्ग धरला. यादी राहिली, हेतू मागे पडला.

वडोदऱ्यात 1950 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा सुरू झाली. तेथे प्रवेशासाठी अशी यादी पुरत नाही, कल कागदावर रेखाटूनच दाखवावा लागतो. कौशल्य सांगून भागत नाही.

आज अमेरिकी पदवी प्रवेशासाठी बरीच मुले 1975 मध्ये सुरू झालेल्या ‘कॉमन ॲप्लिकेशन’चा अर्ज भरतात. त्यात जास्तीत जास्त दहा उपक्रम मांडता येतात, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरे, रिकाम्या जागा धरून. मलखांबासारखा छंद असेल, तर मलखांब म्हणजे काय हे सांगण्यातच निम्मी खर्ची पडतात. म्हणून जाणते मार्गदर्शक व्याख्या वगळून त्यात स्वतः काय केले आणि तो कोणाला शिकवला, एवढेच लिहायला सांगतात.